अठ्ठावीस काचा

तेजराम कापगतेने काचपट्टी तिसऱ्यांदा भिंगाखाली सरकवली आणि आरशाचा कोन बदलून खिडकीतला उजेड तिच्यावर घेतला. तेलाचा थेंब पसरला. रक्ताच्या जाड थरातले पहिले क्षेत्र त्याने पाहिले, मग दुसरे, मग तिसरे. सातव्या क्षेत्रात ते होते: निळसर बारीक कडे आणि कड्याच्या एका बाजूला लाल ठिपका. बाविसाव्यात आणखी दोन. शंभर क्षेत्रे संपल्यावर त्याने बेरीज मांडली. काल सतरा जंतू आले होते, आज सोळा. एवढा फरक मान्य होता.

शेजारच्या तक्त्यात याच काचेच्या, म्हणजे क्रमांक ४४७१च्या, ओळीवर तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. इतर तेरा ओळींवरही तशीच. चौदा ओळींना मिळून समासात एकच शेरा होता: 'रंगाचे व चिखलाचे कण. निगेटिव्ह.' खाली हिवताप अधिकारी कृष्णराव निंबार्ते यांची सही.

चौदाही काचा एकाच टोलीतून आल्या होत्या. आंबागडच्या किल्ल्याखाली, जंगलाला लागून असलेली ही एकसष्ट घरांची वस्ती. काच पॉझिटिव्ह ठरली, की नियमाप्रमाणे तिथे फवारणीचे पथक जाई आणि रोग्यांना गोळ्यांचा पूर्ण क्रम मिळे. निगेटिव्ह ठरली, की काही जात नसे. चौदा रेघांचा अर्थ असा, की १९७५ सालच्या त्या श्रावणात टोलीत हिवताप नव्हता.

दारात सायकल टेकवल्याचा आवाज झाला. जागेश्वर मेंढे आत आला. घरोघर फिरून तापाच्या माणसांच्या बोटांतून रक्त घेण्याचे काम त्याच्याकडे होते. खांद्यावरची पेटी त्याने टेबलावर ठेवली आणि तक्त्याकडे पाहिले.

"सारेच खोडले का जी?"

"चौदाही."

"काहून?"

"चिखल आहे म्हणतात. बोटं पुसली होती ना?"

"पुसली ना जी! धान रोवण्याचे दिस. बाया घरी कुठं सापडतेत? बांधीत उतरूनच टोचली म्या. लुगड्याच्या पदरानं पुसली, मंग स्पिरिटाचा कापूस फिरवला. आता त्या हातांचा चिखल पुरा जायाचा म्हणजे दिवाळीच लागते." तो हसला नाही. "सोमाजीची सून हाये ना, रुखमिणी. तिले सातवा महिना हाये. दोनदा थंडी भरून आली. रक्त घेताना देतेत त्या चार गोया देल्या, अर्ध्या घंट्यानं ओकली."

"तिचा नंबर?"

जागेश्वरने वही पाहिली. "चव्वेचाळीसशे एकाहत्तर."

तेजरामने भिंगाखालच्या काचेकडे पाहिले आणि ती काढून पेटीत ठेवली.

"लोक मले इचारून राहिले, भाऊ. म्हणतेत, औषध देत नाही, तर रक्त नेता कायले? सरकार पिते का?"

कार्यालयाचा शिपाई श्यामराव चहा घेऊन आला होता. त्याने दार पायाने लोटले आणि आवाज खाली आणला.

"साहेबाले शून्य पायजे. दोन वर्सं शून्य हाये, तिसरं झालं की आपला भाग हिवतापमुक्त. फोटू निघंल. पुढल्या जेठात साहेब रिटायर. आता तुमीच हिशोब करा, कापगतेबाबू."

तेजरामने हिशोब केला. तो बसत होता. बसतो म्हणून तो खरा असेलच असे नाही, हे त्याला ठाऊक होते. तरी त्या दुपारी त्याने ते बाजूला ठेवले.

*

निंबार्ते सत्तावन्नचे होते, कृश, बोलण्यात मोजके. सूक्ष्मदर्शक वाचायला तेजरामला त्यांनीच शिकवले होते. सहा वर्षांपूर्वी, विज्ञानाची पदवी घेऊन तो इथे रुजू झाला, तेव्हा पहिला महिनाभर त्यांनी त्याला एकही काच वाचू दिली नव्हती. फक्त रंगाचे कण, धूळ, बुरशी, रक्तातल्या बिंबिका, म्हणजे जंतू नसलेले सगळे, पाहायला लावले होते. त्यांनी वाचलेली काच नागपूरच्या फेरतपासणीत चुकल्याचे कोणाला आठवत नव्हते.

"बसा, कापगते."

"साहेब, टोलीच्या चौदा काचांबद्दल."

"शेरा लिहिला आहे."

"वाचला. माझं मत वेगळं आहे."

निंबार्त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "कशावरून?"

"कडी आहेत. आकार सारखा, ठिपक्याची जागा सारखी. रंगाचे कण असे एका मापाचे पडत नाहीत. आणि ते जिथे पडतात, तिथे पेशींच्या पातळीच्या वर तरंगतात. ही त्याच पातळीत आहेत."

"मला ती तशी दिसली नाहीत."

"आपण पुन्हा एकदा..."

"दोनदा पाहिल्या. चिखलात बुडालेल्या बोटांचं रक्त आहे ते. एका टोलीत एकदम चौदा, आणि एकाही काचेत वाढ झालेला जंतू नाही, फक्त तुमची कडी. तुम्हाला हे विचित्र वाटत नाही?"

"साथ नवी असेल तर वाटत नाही."

"असेल, तर," निंबार्ते म्हणाले. "असेल-तरवर मी फवारणीचं पथक पाठवत नाही."

तेजराम उठला. आवाज चढवावा असे त्याला वाटले नाही; चढवलेल्या आवाजाने काचेवरचे काही बदलत नाही. त्याने परवानगी मागून तीन ओळींची टिपणी लिहिली: वाचनाबाबत मतभेद आहे, चौदा काचा फेरतपासणीसाठी नागपूरला पाठवाव्यात, निर्णय तातडीने व्हावा. निंबार्त्यांनी ती वाचली. कागद त्यांनी हात लांब करून धरला होता.

"पाठवा. सहा आठवडे लागतात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"तोवर माझा शेरा कायम."

त्या संध्याकाळी तेजरामने खोलीवर बसून नागपूरच्या वरिष्ठांना थेट पत्र लिहायला घेतले. दीड पान झाले. शून्य आकडा टिकवण्यासाठी अधिकारी 'हेतुपुरस्सर' निकाल खोडत आहेत, असे वाक्य त्यात आले. सवयीप्रमाणे त्याने मजकूर पुन्हा वाचला आणि त्या शब्दापाशी थांबला. हेतूचा पुरावा काय? श्यामरावचे बोलणे. त्याने शब्द खोडला. तो गेल्यावर पत्रात एवढेच उरले, की दोन माणसांना एकच काच वेगळी दिसते. ते तर टिपणीत होतेच. त्याने पत्र फाडले.

दोन माणसांना एकच काच वेगळी दिसत असेल, तर प्रश्न माणसांचा नव्हता, वाचनाचा होता. आणि वाचनाची परीक्षा घेता येते.

*

दुसऱ्या दिवशी निंबार्ते दौऱ्यावर गेले, ते दोन दिवसांनी परतले. तोवर जागेश्वरने सायकलच्या कॅरिअरला बांधून, त्याच बांधीतला चिखल एका डब्यात भरून आणला होता. प्रयोगशाळेच्या पडवीत घमेले मांडले गेले. कार्यालयातल्या आणि फवारणी पथकातल्या, ताप नसलेल्या चौदा माणसांनी एकेक करून त्यात हात बुडवले, पंच्याने पुसले, बोट पुढे केले.

"वीस वर्सं झाली घरची बांधी सोडून," श्यामराव मनगटापर्यंत चिखलात हात घालून म्हणाला. "सरकारी नोकरी कायले केली, तर रोवणा सुटंल म्हणून. आता सरकारच रोवणा करून घेऊन राहिलं."

"हलवू नको हात."

"टोचा, बाबू, टोचा. पण माह्या रक्तात काही निघालं, तर बायकोले सांगू नका."

चौदा काचा वाळल्या, त्याच बाटलीतल्या रंगाने रंगल्या. तेजरामने त्यांतली एकही भिंगाखाली ठेवली नाही. तो सरळ निंबार्त्यांकडे गेला आणि उभ्यानेच सांगितले: नागपूरला रवाना व्हायच्या टोलीच्या चौदा, या चौदा. श्यामराव दाराआड बसून सर्वांच्या क्रमांकांवर कागद चिकटवील, पत्त्यांसारख्या पिसून एक ते अठ्ठावीस नवे आकडे घालील. यादी त्याच्याजवळ बंद लिफाफ्यात. दोघांनी आपापल्या सूक्ष्मदर्शकावर सर्व काचा वाचायच्या, बोलायचे नाही. चिखलच जंतूसारखा दिसत असेल, तर या चौदांतही तो दिसेल.

निंबार्त्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"मला परीक्षेला बसवता?"

"दोघंही बसू, साहेब. मी चुकत असेन, तर तेही कळेल."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"टिपणी मागे घेईन. लेखी."

निंबार्त्यांनी खिडकीकडे मान वळवली. तेजरामला नकार अपेक्षित होता. नकाराचा अर्थ काय लावायचा, तेही त्याने ठरवून ठेवले होते.

"प्रयोगाची मांडणी बरी आहे," निंबार्ते म्हणाले. "एक सुधारणा करा. श्यामराव यादी करताना तुम्हीही त्या खोलीत नको, मीही नको. आणि शंका असा रकाना ठेवू नका. दोनच रकाने. शंकेला जागा दिली, की माणूस तिथेच राहायला जातो."

मग आभाळ भरले. सूक्ष्मदर्शकांना विजेचा दिवा नव्हता. आरशावर ऊन लागे. तीन दिवस ऊन नव्हते.

*

टिपणीपासून आठव्या दिवशी उघाड पडली. दोन खिडक्यांपाशी दोन टेबले लागली. सकाळी नऊ वाजता दोघे पाठीला पाठ करून बसले आणि मधल्या स्टुलावर काचांची पेटी ठेवून श्यामराव एकेक काच इकडून तिकडे देऊ लागला. बोलायचे नाही हा नियम त्याला सर्वांत जड गेला.

दुपारपर्यंत तेजरामच्या पंधरा काचा झाल्या. निंबार्त्यांच्या नऊ. मागून सूक्ष्मदर्शकाचे चाक फिरल्याचा आवाज येई, थांबे, उलटे फिरल्याचा येई. मग रुमालाने नेत्रभिंग पुसल्याचा. तेजरामला वाटले, साहेब वेळ काढत आहेत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पडवीत सायकल आडवी पडल्याचा आवाज आला. तेजराम बाहेर गेला. जागेश्वर पायरीवर बसला होता. त्याची पेटी आज त्याच्या खांद्यावर नव्हती.

"रुखमिणी गेली, भाऊ."

तेजराम एक पायरी उतरला.

"पाहाटे. आंधी पोटातलं लेकरू गेलं, मंग ती. तिची सासू केशरबाई मले काहीच नाही बोलली. घराच्या भिंतीवर म्या तारीख लिहिली होती ना, रक्त नेल्याची, तिच्याकडं बोट दाखवलं फक्त." त्याने तोंडावरून हात फिरवला. "साहेबाले सांगतो आता. अंदर जाऊन सांगतो."

"थांब."

"काय थांब?"

"साहेबांच्या पाच काचा उरल्या आहेत. माझ्या झाल्या. आत्ता हे त्यांना कळलं, तर उरलेल्या पाचांत त्यांना जे दिसेल, ते काचेतलं नसेल." तेजरामचा आवाज त्यालाच कोरडा वाटला. "एक तास. इथेच बस. कोणाला बोलू नको."

जागेश्वरने मान वर केली. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज हळू होता.

"तुमच्या परीक्षेपायी मरण लपवू का जी?"

जागेश्वर उठला नाही, आतही गेला नाही. त्याने सायकल उचलून भिंतीला लावली, सुटलेली चेन बसवायला घेतली आणि काळे झालेले हात तसेच धरून बसून राहिला.

तो तास सव्वा तासाचा झाला.

*

श्यामरावने लिफाफा फोडला आणि यादी वाचली. निंबार्त्यांच्या सांगण्यावरून दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले गेले. तेजरामने खुणा केल्या.

चिखलाच्या घमेल्यातल्या चौदा काचा त्याने सर्व निगेटिव्ह लिहिल्या होत्या. टोलीच्या चौदांपैकी तेरा पॉझिटिव्ह.

"एक माझ्याकडून सुटली," तो म्हणाला.

"किंवा आधी चुकून धरली होती," निंबार्ते म्हणाले. "पुढे."

त्यांच्या कागदावर टोलीच्या सहा काचा पॉझिटिव्ह होत्या, आठ निगेटिव्ह. तेजरामने दुसऱ्या रकान्यातल्या खुणा मोजल्या, पुन्हा मोजल्या. घमेल्याच्या चौदांपैकी पाच पॉझिटिव्ह. त्यांत श्यामरावची एक होती, आणि ते ऐकून श्यामरावने नकळत स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.

तेजरामच्या मनात गेले नऊ दिवस दोन शक्यता होत्या: साहेबांना कडी दिसतात आणि ते खोडतात, किंवा त्यांना ती चिखलाची वाटतात. पहिली खरी असती, तर कागदावर अठ्ठावीस निगेटिव्ह असायला हव्या होत्या. दुसरी खरी असती, तरीही तेच; कड्यांना चिखल समजणारा माणूस घमेल्याच्या पाच काचा पॉझिटिव्ह लिहीत नाही. समोरचा कागद तिसरेच सांगत होता. चौदांत सहा, चौदांत पाच. काचा न पाहता, डोळे मिटून खुणा केल्या असत्या, तरी साधारण असेच आले असते.

त्याने मान वर केली. निंबार्ते कागदाकडे पाहत नव्हते. त्यांनी उजव्या हाताने उजवा डोळा झाकला आणि खिडकीबाहेर पाहिले. मग तो हात काढून डावा झाकला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"गावाचं नाव वाचून काच पाहिली, की निर्णय करता येतो," ते म्हणाले. "दोन वर्षं ताप नाही, म्हणजे नसणार. दिसतं कमी, हे मला कळत नव्हतं असं नाही. मला वाटत होतं, चष्म्याचा नंबर वाढला आहे."

त्यांनी आपला कागद पुढ्यात ओढला.

"किती दिवसांची... किती दिवसांची दिरंगाई झाली ही?" त्यांना शब्द नीट सापडत नव्हता. "आज नववा ना? साथीच्या घोषणेचा अर्ज आणा. पथक आजच निघू दे."

तेव्हा जागेश्वर आत आला. त्याने दारातच चपला काढल्या आणि सांगितले. तीन वाक्यांत सांगितले. वेळ सांगितली, लेकराचे सांगितले, नाव सांगितले.

निंबार्त्यांनी विचारले, "नंबर?"

"चव्वेचाळीसशे एकाहत्तर, साहेब."

ते यादीकडे पाहू लागले. श्यामरावने यादी हळूच स्वतःकडे ओढली. निंबार्त्यांनी हात पुढे केला, तेव्हा त्याला ती द्यावी लागली. त्यांनी ओळींवर बोट ठेवत, जवळ धरून, लांब धरून, तो क्रमांक शोधला. त्याच्या समोरचा नवा आकडा शोधला. मग आपल्या कागदावर तो आकडा. बोट तिथे थांबले. त्यांनी काय लिहिले होते, ते मोठ्याने वाचले नाही.

"केव्हा आलात तुम्ही?" त्यांनी जागेश्वरला विचारले.

जागेश्वरने तेजरामकडे पाहिले.

"अकराला," तेजराम म्हणाला. "मी थांबवलं होतं."

निंबार्त्यांनी मान हलवली. ती संमती होती की नुसती नोंद, ते कळले नाही.

*

घोषणेचा अर्ज दोन पानी होता. गाव, घरे, तपासलेल्या काचा, पॉझिटिव्ह काचा. पथकप्रमुख बाहेर ट्रकमध्ये पंप चढवत होता आणि श्यामराव त्याच्यावर ओरडत होता. तेजराम एकेक रकाना भरत दुसऱ्या पानावर आला. तिथे एक रकाना होता: 'निकालात बदल झाला असल्यास मूळ निकाल चुकण्याचे कारण.'

त्याने टाक उचलून धरला. हा अर्ज नागपूरला जाणार होता, तिथून मुंबईला. चौदा रेघांखाली एक सही होती. सोमाजीच्या घरी मयत झाली होती. गोळ्या वेळेवर गेल्या असत्या, तर ती वाचली असती का, हे सांगता येत नव्हते. वाचली नसती, हेही सांगता येत नव्हते. अर्ज वाचणारा मात्र ते सांगून मोकळा होणार होता. निवृत्तीला दहा महिने होते. ज्या माणसाने जंतू नसलेले सगळे पाहायला शिकवले होते, तो पलीकडच्या टेबलाशी पाठमोरा बसला होता आणि स्वतःचा सूक्ष्मदर्शक त्याच्या लाकडी पेटीत ठेवत होता. कडी लावायला त्याला दोनदा चाचपडावे लागले.

तेजरामने लिहिले: 'पावसाळी दमटपणामुळे अधिकाऱ्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी.' सहा वर्षांत त्याने सरकारी कागदावर लिहिलेले हे पहिले वाक्य होते, जे खोटे असल्याचे त्याला लिहिताना ठाऊक होते. अक्षर नेहमीसारखेच आले.

निंबार्त्यांनी अर्ज घेतला. खिडकीत उभे राहून, कागद उन्हात धरून ते वाचू लागले. पहिले पान झाले. दुसऱ्या पानावर त्यांना वेळ लागला.

"कापगते."

"साहेब."

"माझं भिंग शेवटचं कोणी पुसलं?"

"मी. सोमवारी."

"बुरशी होती?"

बाहेर ट्रकचे फळकूट आपटून बंद झाले.

"तुमच्या टिपणीत तुम्ही मला चूक ठरवलंत, तेव्हा मला राग आला नव्हता," निंबार्ते म्हणाले. "आत्ता येतो आहे."

त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला, तेजरामच्या हातातला टाक घेतला आणि त्या ओळीवर रेघ मारली. रेघेखाली लिहिले: 'तपासणी अधिकाऱ्याची दृष्टी अधू.' पूर्णविराम दिला. मग पुढे लिहिले: 'सबब, होळीपासून त्यांनी खोडून निगेटिव्ह ठरवलेल्या सर्व काचा पुन्हा वाचाव्यात.' सही केली. तारीख घातली.

"श्यामराव," त्यांनी हाक मारली, "हा पथकप्रमुखाला दाखवून टपालात घाल. जागेश्वर, तुम्ही ट्रकमधून जा. गोळ्या खाल्ल्यावर प्रत्येकासमोर अर्धा तास बसायचं. ओकलं, तर पुन्हा द्यायच्या. सोमाजीच्या घरी आधी."

"तिथं काय सांगू जी?"

निंबार्त्यांनी टाक खाली ठेवला.

"उद्या मी येतो म्हणून सांगा. बाकी मी सांगेन."

ट्रक निघून गेला. धुराचा वास खोलीत थोडा वेळ राहिला. तेजरामने कपाटातून होळीपासूनच्या खोडलेल्या काचांची पेटी काढली. त्या एकतीस होत्या, सात गावांच्या. त्यांतल्या कोणत्या गावांत नंतर काय झाले, हे काचांवरून कळणार नव्हते. ऊन आणखी दोन तास टिकेल, असा त्याचा अंदाज होता. त्याने आरसा वळवला, पहिली काच पुसली, तेलाचा थेंब टाकला आणि निकाल लिहायची वही जवळ ओढली.

वही त्याच्या हाताखालून निघाली. निंबार्ते स्टूल ओढून त्याच्या डाव्या बाजूला, मदतनिसाच्या जागी, बसले होते. त्यांनी वहीचे कोरे पान उघडले आणि खाली वाकून तारीख घातली.

"तुम्ही पाहा," ते म्हणाले. "मी लिहितो."

तेजरामने भिंगाला डोळा लावला. शंभर क्षेत्रे झाली, तेव्हा त्याने क्रमांक सांगितला, मग निकाल सांगितला. शेजारी टाक सावकाश चालल्याचा आवाज आला. निंबार्त्यांचे अक्षर मोठे पडत होते. एका नोंदीला दोन ओळी लागत होत्या.